जुन्या दवाखान्याच्या रजिस्टरांसाठी एटॉम घ्यावं का? वापरून झाल्यावरचा रिव्ह्यू

एटॉम या जुन्या दफ्तराची नोंद ठेवायच्या आणि शोधायच्या सॉफ्टवेअरला पाचपैकी चार स्टार देतेय, आणि ते चार कशाचे आणि एक कुठे कापला ते नीट सांगते, कारण आमच्या बेळगाव भागात जुन्या दवाखान्यांची, प्रसूतिगृहांची, ट्रस्टच्या हॉस्पिटलांची रजिस्टरं माळ्यावर पडून आहेत, दर पावसाळ्यात त्यातली थोडी थोडी जातात, आणि हल्ली जो तो "डिजिटल करूया" म्हणतो पण डिजिटल म्हणजे नेमकं काय करायचं असं विचारलं की गाडी स्कॅनर कुठला घ्यायचा यावरच येऊन थांबते. स्कॅन झाल्यावर ते ठेवणार कशात, शोधणार कसं, कोणाला दाखवणार आणि कोणाला नाही, यावर कोणी बोलतच नाही. म्हणून हा रिव्ह्यू स्कॅनरचा नाही, सॉफ्टवेअरचा आहे. नाव ॲक्सेस टू मेमरी, सगळे एटॉम म्हणतात.

मी स्वतः हॉस्पिटलच्या एमआरडीत म्हणजे मेडिकल रेकॉर्ड विभागात नोकरी केलेली. रिटायर झाल्यावर खानापूर तालुक्यातल्या एका जुन्या ट्रस्टच्या प्रसूतिगृहाचं दफ्तर लावून द्या म्हणून बोलावणं आलं. इंग्रजांच्या काळापासूनची बाळंतपणाची रजिस्टरं, ओपीडीची, इनडोअरची, ऑपरेशनची, औषधाच्या स्टॉकची, शिवाय सुतळीनं बांधलेले केसपेपरचे गठ्ठे, देणगीच्या पावत्या, ट्रस्टींच्या मीटिंगची वही. खालच्या कपाटाला वाळवी लागलेली, वरच्या माळ्यावर कसर, आणि भिंतीला ओल असल्यामुळं एका बाजूच्या रजिस्टरांची पानं एकमेकाला चिकटून पापडासारखी झालेली. तिथल्या शिपायानं पहिल्याच दिवशी सांगितलं, "अक्का, हे सगळं रद्दीत घालायचं ठरलंतं की ओ, मीच म्हटलं राहू दे." त्या माणसाचे उपकार मानावे तेवढे थोडे. आणि रद्दीत घालणारे काही कायदा मोडत नव्हते बरं का, मेडिकल कौन्सिलच्या 2002 च्या नियमात इनडोअर पेशंटचं रेकॉर्ड उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षं ठेवायचं एवढंच म्हटलंय. तीन वर्षांनंतर सांभाळायचं की नाही हे ज्याच्या त्याच्या मनावर. त्यामुळं जे शिल्लक आहे ते कोणीतरी एखाद्यानं हट्ट केला म्हणूनच शिल्लक आहे.

आता एटॉम काय आहे ते. कॅनडातल्या आर्टिफॅक्च्युअल सिस्टिम्स नावाच्या कंपनीनं इंटरनॅशनल कौन्सिल ऑन आर्काइव्ह्जच्या (आर्काइव्ह म्हणजे जुनी कागदपत्रं जपून ठेवायची जागा) पाठबळावर केलेलं, ब्राउझरमध्ये चालणारं, ओपन सोर्स, फुकट. सुरुवातीला त्याचं नाव आयसीए-एटॉम होतं. जगभरच्या आर्काइव्हजमध्ये वापरतात. याचा सगळा पाया आयसॅड-जी नावाच्या वर्णनाच्या स्टँडर्डवर आहे, त्याची दुसरी आवृत्ती 1999 ची, एटॉममध्ये तीच चालते. हे स्टँडर्ड म्हणतं की आधी संपूर्ण संग्रहाचं वर्णन करा, मग त्यातल्या मालिकेचं (म्हणजे एकाच प्रकारच्या रजिस्टरांच्या गटाचं), मग एकेका रजिस्टरचं, मग हवं असेल तर पानाचं. वरून खाली. आणि कुठल्याही पातळीवर किमान सहा गोष्टी हव्यात: संदर्भ क्रमांक, शीर्षक, कोणी तयार केलं, तारखा, किती आहे, आणि ही कुठली पातळी आहे. बस्स.

एटॉमबद्दल माझं जे काही सगळ्यात मोठं म्हणणं आहे ते इथेच आहे. हे सॉफ्टवेअर तुम्हाला एकही पान स्कॅन न करता आर्काइव्ह उभं करू देतं, आणि दवाखान्याच्या दफ्तराला हाच क्रम बरोबर आहे. आधी वर्णन, मग स्कॅन. आम्ही पहिल्यांदा नुसतं तेच केलं. मालिका ठरवल्या, प्रत्येक रजिस्टर हातात घेतलं, मलमलच्या कापडानं पुसलं, पहिली नोंद कुठल्या तारखेची, शेवटची कुठल्या तारखेची, भाषा कुठली, पानं किती, अवस्था काय, कपाट कुठलं फळी कुठली, एवढं भरलं. एटॉममध्ये जागेची वेगळी सोय आहे, खोली-कपाट-खोका असं लिहून ते रजिस्टरला जोडता येतं, त्यामुळं नुसतं एवढं झाल्यावरच ट्रस्टचे लोक थक्क झाले, कारण आजवर कोणी 1940 च्या दशकातलं काही विचारायला आलं की माळ्यावर चढून धुळीत अर्धा दिवस जायचा, आता क्रमांक बघून थेट फळीवर हात जातो. स्कॅन तेव्हा शून्य होते!

याच्या उलट गोष्ट मी दुसऱ्या एका ठिकाणी बघितली. तिथे ट्रस्टनं आधी स्कॅनिंग एजन्सी बोलावली, नाव देत नाही. एजन्सीनं काम लवकर उरकावं म्हणून रजिस्टरांची शिलाई उसवली, कणा कापला, सुटी पानं फीडरमधून काढली आणि हार्डडिस्कवर हजारो जेपेग म्हणजे चित्राच्या फाइली आणून दिल्या, फाइलींची नावं स्कॅनरनं दिलेली तशीच, नुसते आकडे. कुठलं पान कुठल्या रजिस्टरचं ते कळायला मार्ग नाही, कारण रजिस्टरच्या पुठ्ठ्यावर वर्ष लिहिलेलं असतं आणि पुठ्ठे स्कॅनच केले नाहीत. समासातले शेरे क्रॉप केलेले. आणि मूळ रजिस्टर आता सुटी पानं झाल्यामुळं परत करायचं म्हटलं तरी करता येत नाही. पैसे गेले ते गेले, पण वस्तूच गेली की हो. हे वाचणाऱ्या कुठल्याही ट्रस्टीला हात जोडून सांगते, शिलाई उसवू देऊ नका. बांधलेलं रजिस्टर वरून कॅमेरा लावून, खाली व्ही आकाराचा पाळणा ठेवून काढता येतं, वेळ जास्त लागतो एवढंच.

मालिका आणि रजिस्टर यांचं नातं इतकं का महत्त्वाचं ते एक पान समोर ठेवून सांगते. बाळंतपणाच्या रजिस्टरचं डावं-उजवं मिळून एक पान. कॉलम असे: अनुक्रमांक, बाईचं नाव, नवऱ्याचं नाव, वय, जात, गाव, कितवं बाळंतपण, दाखल तारीख, प्रसूतीची तारीख आणि वेळ, मुलगा की मुलगी, वजन, शेरा, घरी सोडल्याची तारीख. नावं मराठीत बोरूच्या वळणानं, तारखा आणि शेरे इंग्रजीत, मधेच एखादी ओळ कन्नडात कारण त्या दिवशी ड्यूटीला दुसरी नर्स असावी, अक्षर बदललेलं लगेच दिसतं. वजन पौंड-औंसात, "6-4" असं, दशमान पद्धत आपल्याकडे 1956 च्या कायद्यानंतर हळूहळू आली त्यामुळं त्याआधीचं सगळं पौंडात. आता या पानाचा नुसता जेपेग तुम्ही कोणाला दाखवलात तर "6-4" म्हणजे त्याला काय कळणार, वजन आहे का वेळ आहे का वॉर्ड-खाट आहे? कॉलमांची नावं दर पानावर नसतात, रजिस्टरच्या पहिल्या पानावर छापलेली असतात आणि पुढं नर्सबाईंच्या डोक्यात. म्हणजे पान त्याच्या रजिस्टरपासून तोडलं की अर्धं मुकं होतं. एटॉममध्ये पानाचं रेकॉर्ड उघडलं की डाव्या बाजूला पूर्ण झाड दिसतं, हे पान या रजिस्टरातलं, हे रजिस्टर या मालिकेतलं, आणि वरच्या पातळीवर लिहिलेली माहिती खाली सगळ्यांना लागू. कॉलमांचा अर्थ एकदाच रजिस्टरच्या पातळीवर लिहिला, काम झालं.

आता नावांचा प्रश्न. याच्यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण डिजिटल आर्काइव्ह म्हटलं की लोकांना सगळं नेटवर टाकायचंच असतं.

आमच्या एका रजिस्टरात एक नोंद आहे, बाईचं नाव लिहून त्यावर शाईनं आडव्या रेघा मारल्यात, नवऱ्याच्या नावाचा रकाना कोरा, गाव मात्र तसंच, आणि शेऱ्यात इंग्रजीत बाळ कोणाच्या ताब्यात दिलं ते लिहिलंय. त्या काळातल्या कोणीतरी सिस्टरबाईंनी मुद्दाम त्या रेघा मारल्या असणार. ते गाव छोटं आहे, आजही तिथे तीच घराणी आहेत, वर्ष आणि गाव कळलं की म्हातारी माणसं बोट दाखवतील. ज्या बाईसाठी कोणीतरी रेघा मारून ठेवल्या, तिचं पान आपण तेवढ्या वर्षांनी उघडं करायचं का? आणि हे एकच नाही. जातीचा रकाना आहे, गुप्तरोगाचे शेरे आहेत, मेलेल्या बाळांच्या नोंदी आहेत, क्षयरोगाच्या आहेत.

कायद्याचं म्हणाल तर 2023 चा डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायदा कागदावरची माहिती नंतर डिजिटल केली तरी लागू होतो, म्हणजे स्कॅन केलं की तुम्ही त्यात आलात. त्यात संशोधन, आर्काइव्ह आणि आकडेवारीच्या कामाला सूट ठेवली आहे, पण त्या माहितीवरून त्या माणसाबद्दल कुठला निर्णय घ्यायचा नाही आणि सरकारनं ठरवलेले मापदंड पाळायचे या अटीवर. बाहेर बघितलं तर अमेरिकेत आरोग्याची माहिती माणूस गेल्यावरही पन्नास वर्षं संरक्षित असते, ब्रिटनमध्ये पेशंटची रेकॉर्ड साधारण शंभर वर्षं बंद ठेवायचा रिवाज आहे. आमच्या ट्रस्टनं शंभर धरली, आणि मोजायची रजिस्टरातल्या शेवटच्या नोंदीपासून. म्हणजे रजिस्टर 1934 ते 1941 चं असेल तर ते 2041 पर्यंत बंद, 1934 ची पानं 2034 ला उघडायची असं नाही, कारण रजिस्टर एक आहे आणि उघडलं की सगळंच उघडतं.

एटॉममध्ये याची व्यवस्था चांगली आहे. प्रत्येक रेकॉर्ड ड्राफ्ट किंवा पब्लिश्ड ठेवता येतं, ड्राफ्ट बाहेरच्या माणसाला दिसतच नाही. आम्ही असं केलंय की रजिस्टरचं वर्णन पब्लिश्ड, म्हणजे अमुक सालचं रजिस्टर आहे, अमुक अवस्थेत आहे, बंद आहे आणि का बंद आहे आणि कधी उघडणार, हे सगळ्यांना दिसतं. पानं त्याच्याखाली वेगळी रेकॉर्ड करून ड्राफ्टमध्ये. त्यावर हक्कांचं वेगळं मॉड्यूल आहे, कायदा, धोरण, देणगीदाराची अट असा आधार लिहून मूळ फाइल, मधली प्रत आणि छोटं चित्र यातलं काय दाखवायचं काय नाही हे वेगवेगळं ठरवता येतं. एक गोष्ट मात्र जपा. वरच्या रेकॉर्डचं स्टेटस बदलताना खालच्या सगळ्यांना लागू करायचा एक टिकबॉक्स येतो. घाईत त्यावर खूण राहिली तर रजिस्टरबरोबर सगळी पानं जगाला उघडी. स्टेटस बदलायचा अधिकार एकाच माणसाकडे ठेवा, बाकीच्यांना कॉन्ट्रिब्यूटर म्हणून लॉगिन द्या, त्यांना भरता येतं पण पब्लिश करता येत नाही.

बंद म्हणजे घरच्या माणसालाही बंद असं नव्हे. आमच्याकडे येणारे बहुतेक लोक संशोधक नसतातच. कोणाला पासपोर्टसाठी, कोणाला पेन्शनसाठी, कोणाला जन्माची नोंद उशिरा करून घ्यायचीय म्हणून आईचं बाळंतपण इथे झालं याचा पुरावा हवा असतो. जन्माचा दाखला काही दवाखाना देत नाही, तो नगरपालिकेकडून किंवा पंचायतीकडून, आणि वर्षाच्या वर उशीर झाला की मॅजिस्ट्रेटचा आदेश लागतो, पण त्यासाठी आधार म्हणून रजिस्टरातली नोंद फार उपयोगी पडते. अशा माणसाला समोर बसवून, ओळख बघून, त्याचीच ओळ तेवढी दाखवायची, वरखालच्या ओळी कागदानं झाकून प्रत द्यायची. हे सॉफ्टवेअर करत नाही, हे माणसानं करायचं, आणि त्याचा नियम लिहून एटॉममध्ये प्रवेशाच्या अटींच्या रकान्यात घालायचा म्हणजे उद्या दुसरा कोणी बसला तरी तोच नियम चालेल.

आता जे मला मनापासून आवडलं ते. गावं.

आपल्या भागात गावाचं नाव ही साधी गोष्ट नाही. एकाच रजिस्टरात बेळगाव, बेळगांव, बेलगाम आणि कन्नड ओळीत बेळगावी, सगळं सापडतं. सरकारी नाव तर 1 नोव्हेंबर 2014 ला बदललं, त्याच दिवशी विजापूरचं विजयपुर आणि हुबळीचं हुब्बळ्ळी झालं. पण नुसत्या स्पेलिंगचा मुद्दा नाहीच. शहापूर घ्या. आज बेळगावातलं शहापूर म्हणजे साड्या घ्यायला जायचं ठिकाण, पण संस्थानं विलीन होईपर्यंत शहापूर सांगली संस्थानात होतं, म्हणजे 1940 च्या रजिस्टरात शहापूरहून आलेली बाई चार पावलं चालत आली असली तरी दुसऱ्या राज्यातून आली. तिची जन्मनोंद शोधायची तर सांगली संस्थानच्या कागदांत बघावी लागेल. किंवा चंदगड घ्या. 1956 पर्यंत चंदगड तालुका बेळगाव जिल्ह्यात होता, 1 नोव्हेंबर 1956 ला राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा बाकी जिल्हा म्हैसूर राज्यात गेला आणि चंदगड मुंबई राज्यात राहून कोल्हापूर जिल्ह्याला जोडला गेला. चंदगडची बाई 1955 ला आली तर जिल्ह्यातली पेशंट, 1957 ला तीच बाई दुसऱ्या बाळंतपणाला आली तर परराज्यातली. तीच वाट, तोच दवाखाना. कोणी उद्या अभ्यास करायला बसला आणि "1956 नंतर बाहेरच्या राज्यातले पेशंट एकदम वाढले" असा निष्कर्ष काढला तर तो साफ चुकीचा, पेशंट जिथल्या तिथे होते, हद्द हलली.

एटॉममध्ये गावांची यादी वेगळी ठेवता येते आणि प्रत्येक गावाला एक मुख्य नाव आणि त्याखाली हवी तेवढी पर्यायी नावं देता येतात, शिवाय टीप लिहायला जागा. आम्ही प्रत्येक गावापुढे लिहिलं की अमुक सालापर्यंत कुठलं संस्थान किंवा कुठला जिल्हा, नंतर कुठला. मराठी, कन्नड, इंग्रजी तिन्ही नावं. हे करताना जुन्या माणसांना बोलवून बसवलं, एकेका वाडीचं नाव विचारलं, आणि ज्या वाड्या आता मोठ्या गावात मिसळून गेल्यात त्यांची नावं फक्त या रजिस्टरात उरलीत हे बघून ती माणसं अक्षरशः हरखून गेली. मुख्य नाव मराठी ठेवायचं की सरकारी, यावर ट्रस्टमध्ये बरीच चर्चा झाली, आमच्याकडे ती होणारच. शेवटी असं ठरलं की रजिस्टरच्या वर्णनात मुळात जे लिहिलंय तेच अक्षरशः घ्यायचं आणि यादीत सगळी नावं एकमेकाला जोडायची, म्हणजे कुठल्याही नावानं शोधणाऱ्याला आपलं गाव सापडलं पाहिजे. वर्णन मराठीत लिहून त्याच रेकॉर्डवर कन्नड भाषांतर जोडता येतं, भाषा बदलली की तेच रेकॉर्ड त्या भाषेत. सीमाभागातल्या दफ्तराला याच्यापेक्षा उपयोगी सोय मी तरी बघितली नाही. आमच्या इथल्या एका कन्नड शाळेच्या निवृत्त सरांनी ती भाषांतरं केली, आणि मराठी येत नाही म्हणून कधी न फिरकलेले लोक त्यानंतर विचारायला यायला लागले.

रोगांच्या नावाचंही तसंच करायचं, थोडक्यात सांगते. जुन्या रजिस्टरात थायसिस असतं तो क्षय, एंटेरिक फीव्हर म्हणजे विषमज्वर, ड्रॉप्सी म्हणजे अंगावर सूज, आणि डेबिलिटी म्हणजे काहीही. त्यावर आजचे आयसीडीचे म्हणजे रोगांच्या आंतरराष्ट्रीय यादीचे कोड चढवायचा मोह डॉक्टर मंडळींना फार होतो. चढवू नका. त्या काळच्या डॉक्टरला जे दिसलं आणि तपासता आलं ते त्यानं लिहिलं, तेच राहू द्या, वेगळ्या विषययादीत ढोबळ जोडणी द्या. 1918 च्या सप्टेंबर-ऑक्टोबरातलं एखादं ओपीडी रजिस्टर कोणाकडे असेल तर त्यात सगळीकडे "फीव्हर" एवढंच लिहिलेलं मिळेल, इन्फ्लुएन्झाची मोठी लाट तेव्हाच होती, पण ते "फीव्हर" खोडून तिथे इन्फ्लुएन्झा लिहिणं हा आपला अंदाज झाला, नोंद नव्हे. प्लेगचंही तेच, 1897 नंतर आपल्या भागात प्लेग वर्षानुवर्षं येत राहिला, लस टोचल्याचे शेरे मिळतात, तेही शब्दशः ठेवा. टिळकवाडीतल्या व्हॅक्सिन डेपोच्या मैदानात सकाळी फिरायला जाणाऱ्या कितीतरी जणांना तिथे एकेकाळी देवीची लस तयार व्हायची हे माहीत नसतं. या शहराला रोगांचा आणि उपचारांचा एवढा मोठा इतिहास आहे आणि त्याचे कागद कोण सांभाळतंय असं विचारलं तर कोणी पुढं येत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

आता एक स्टार का कापला. एक म्हणजे रजिस्टर ही मुळात टेबल आहे, रांगा आणि रकाने, आणि एटॉमला टेबल कळत नाही. 1938 साली किती बाळंतपणं झाली, त्यात पहिलटकरणी किती, सरासरी वजन काय, हे एटॉमला विचारता येत नाही. त्यासाठी ओळ अन् ओळ वेगळ्या डेटाबेसमध्ये उतरवावी लागते. लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट या लहान मुलांच्या हॉस्पिटलचं असं काम झालेलं आहे, 1852 पासूनची ॲडमिशन रजिस्टरं किंग्स्टन युनिव्हर्सिटीच्या लोकांनी एकेक नोंद टाइप करून शोधण्याजोगी केली. तसं हवं असेल तर ते वेगळं, लांबचं काम आहे, एटॉम त्याच्यावरचं छप्पर होऊ शकतं पण आतली खोली नाही. ओमेका एस म्हणून दुसरं फुकट सॉफ्टवेअर आहे, प्रदर्शनासारखं छान दाखवायला ते एटॉमपेक्षा देखणं आहे, शाळेच्या मुलांसाठी पानं करायची असतील तर तेच घ्या, पण त्यात वस्तू सुट्या सुट्या असतात, मालिका-रजिस्टर-पान ही उतरंड एटॉमइतकी सहज येत नाही.

दुसरं म्हणजे मराठी शोध. देवनागरीत भरायला काही अडचण नाही, पण शोधताना त्याला आपले प्रत्यय कळत नाहीत. "खानापूर" टाकलं तर "खानापूरच्या" येईलच असं नाही, शेवटी तारांकन टाकून शोधायला लोकांना शिकवावं लागतं. ऱ्हस्व-दीर्घाचं तर विचारूच नका. म्हणून शीर्षकात नावं मूळ रूपात, प्रत्यय न लावता लिहायची सवय लावून घ्या. आणि हाताचं लिखाण आपोआप वाचून घ्यायच्या आशेवर राहू नका, टेसरॅक्ट या अक्षर ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये मराठी आणि कन्नड दोन्ही आहे पण ते छापील अक्षरासाठी, नर्सबाईंच्या घाईच्या अक्षरापुढं ते हात टेकतं. एखाद्या जुन्या वहीत मोडी निघाली तर मोडी वाचणारा माणूस आधी गाठा, स्कॅनर नंतर. मोडी येणारी पिढी झपाट्यानं संपत चाललीय.

तिसरं, बसवायला सोपं नाही. लिनक्स सर्व्हर, पीएचपी, मायएसक्यूएल, इलॅस्टिकसर्च, हे सगळं जमवून चालू ठेवणारा एक जाणता पोरगा लागतो, आणि शोध चालवणाऱ्या इलॅस्टिकसर्चला रॅम भरपूर लागते. सॉफ्टवेअर फुकट म्हणजे काम फुकट असं समजू नका. आमच्याकडे इंजिनिअरिंगच्या मुलांनी बसवून दिलं, पण मुलं पास होऊन पुण्याला-बेंगळूरला जातात, मागे कोण बघणार याची तजवीज आधी करा. बसवण्याआधी त्यांची डेमो साइट आहे तिथे हात फिरवून बघा. भरताना एक्सेल टाळा, सीएसव्ही (साध्या मजकुरातली तक्त्याची फाइल) सेव्ह करताना ते देवनागरीचा चुथडा करतं, लिब्रेऑफिसमध्ये यूटीएफ-8 (देवनागरी नीट ठेवणारी पद्धत) ठेवून करा, आणि कल्चरच्या म्हणजे भाषेच्या कॉलमात मराठीचा कोड घालायला विसरू नका नाहीतर सगळं इंग्रजी म्हणून आत जातं आणि नंतर निस्तरत बसावं लागतं.

आणि हे लक्षात घ्या की एटॉम दाखवायचं आणि शोधायचं सॉफ्टवेअर आहे, फाइली जन्मभर सांभाळायचं नव्हे. त्यासाठी त्याच कंपनीचं आर्काइव्हमॅटिका आहे, पण छोट्या ट्रस्टला ते जड जातं. आम्ही साधं केलं: मूळ स्कॅन टिफमध्ये (दर्जा न घालवणारा चित्राच्या फाइलचा प्रकार), फाइलच्या नावातच मालिका-रजिस्टर-पान क्रमांक, पुठ्ठ्यासकट आणि कोऱ्या पानांसकट सगळं, प्रत्येक फाइलच्या चेकसमची (फाइल बिघडली का ते ओळखायच्या आकड्याची) यादी, आणि तीन प्रती, त्यातली एक गावाबाहेर. एटॉममध्ये फक्त छोट्या जेपेग. जागेचा हिशोब आधी करा. एफोर पान 300 डीपीआयला (म्हणजे इंचाला 300 ठिपके) रंगीत, कॉम्प्रेस न करता साधारण 26 एमबी होतं, म्हणजे 400 पानांचं एक रजिस्टर दहा जीबीच्या वर, आणि 400 डीपीआयला गेलात तर त्याच्या पावणेदोनपट. ट्रस्टच्या मीटिंगमध्ये हार्डडिस्कचा खर्च मांडायचा तर हा आकडा घेऊन जा, नुसतं "बरीच जागा लागेल" म्हटलं की मंजुरी मिळत नाही, आणि दर चार-पाच वर्षांनी नव्या डिस्कवर प्रत काढायचा खर्चही त्याच ठरावात घालून घ्या.

निपाणी, चिकोडी, अथणी, संकेश्वर, गोकाक, कुठेही असं दफ्तर तुमच्या माहितीत असेल तर सॉफ्टवेअरची वाट बघत बसू नका. वर सांगितलेल्या सहा गोष्टी साध्या वहीत लिहायला सुरुवात करा, एका रजिस्टरला एक ओळ, जागेसकट. तीच वही उद्या सीएसव्ही होऊन जशीच्या तशी एटॉममध्ये जाते. आमची जूनच्या आत खालची दोन कपाटं भिंतीपासून लांब सरकवून, पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवून झाली पाहिजेत, सध्या ते चाललंय.